तारण म्हणून माणूस

न्यायालयाच्या बातमीतले शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते : दंड न भरल्यास आणखी अमुक महिने कैद. गुन्हा काय आणि शिक्षा किती हे एकदा कळले की वाचक त्या ओळीपाशी थांबत नाही. पण त्या ओळीत एकाच गुन्ह्यासाठी दोन माणसांना दोन शिक्षा सुनावलेल्या असतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने भरावेत आणि घरी जावे, ज्याच्याकडे नाहीत त्याने आत राहावे. गुन्हा सारखा, दोष सारखा, फरक फक्त खिशाचा.

न फेडलेले कर्ज, न भरलेला दंड, थकलेली पोटगी, न वटलेला चेक. देण्याचे हे प्रकार कायद्याने वेगवेगळ्या दालनांत ठेवले आहेत आणि त्यांवरची चर्चाही वेगवेगळी चालते. ते एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. देणेकऱ्याला कोंडण्याचा उद्देश क्वचितच त्याला शिक्षा करण्याचा असतो. त्याची बायको मंगळसूत्र मोडेल, भाऊ उसनवारी करेल, सासरा जमिनीचा तुकडा विकेल, या हिशोबाने त्याला कोंडले जाते. तुरुंगात माणूस बसतो, पैसे बाहेरचे लोक आणतात. असे असेल तर त्या माणसाचा देह तारण ठेवला गेला आहे असे म्हणण्याखेरीज पर्याय नाही, आणि माणूस तारण ठेवता येतो का, हाच या विषयातला मूळ नैतिक प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शेतकऱ्याला कामाच्या काळात कर्जापायी धरू नये, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रानेच सांगितले होते. म्हणजे तेव्हाही धरत असणार. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. नुसत्या मागणीपासून सुरुवात व्हायची. मग ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा, त्याला जेवू द्यायचे नाही, आणि शेवटी डोक्यावर दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभे करायचे. धरणे धरून बसण्याची रीत इतकी रुळलेली होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेत तिच्यासाठी कलम ५०८ चे उदाहरणच घातलेले होते.

इंग्रजी अमलात दारातला माणूस गेला आणि त्याच्या जागी हुकूमनामा आला. दख्खनच्या शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते, तारखेला तालुक्याच्या कोर्टात हजर राहणे जमत नव्हते, आणि दावे मोठ्या संख्येने एकतर्फी निकाली निघत. हुकूमनामा हातात पडला की सावकार लगेच कैद मागत नसे. कैद्याच्या पोटाचा खर्च त्यालाच भरावा लागे, शिवाय आत बसलेला कुणबी शेत कसा कसणार? कैदेची धमकी मात्र फुकट होती. तिच्या जोरावर नवा रोखा, वाढीव व्याज, पडेल त्या भावाने धान्य, सगळे लिहून घेता येई. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कागद काढून जाळले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या त्या कायद्यात एक साधे कलम होते : पैशाच्या हुकूमनाम्यापायी कोणत्याही शेतकऱ्याला अटक किंवा कैद करता येणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. इंग्लंडने कर्जाची कैद बव्हंशी बंद केली ती १८६९ मध्ये, म्हणजे अवघी दहा वर्षे आधी. ज्या मार्शलसी तुरुंगात १८२४ साली चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना एका बेकरीवाल्याच्या चाळीस पौंडांपायी टाकले होते, तो तुरुंग तोवर बंदही झालेला होता. या बाबतीत दख्खनचा कुणबी जगाच्या फार मागे नव्हता, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते. आणि हे संरक्षण त्याला कोणी दयेने दिले नव्हते.

त्या एका कलमाचे तत्त्व सगळ्या देशाला लागू व्हायला मात्र वेळ लागला. १९३६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये अट आली : ऐपत असून जो देत नाही, मालमत्ता लपवतो किंवा पळून जाण्याच्या बेतात आहे, त्यालाच दिवाणी कैद. पुढे १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गिस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे कलम संविधानाच्या अनुच्छेद २१ च्या आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकाशात वाचले. केवळ करार पाळण्याची ऐपत नाही म्हणून कुणालाही कैद करू नये, असे त्या कराराचा अनुच्छेद ११ सांगतो, आणि भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारलेला आहे. न्यायालयाने सांगितले की पैसे न देणे पुरेसे नाही, त्यामागे अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. आज दोन हजार रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कैद होतच नाही, पाच हजारांवरच्या रकमेसाठी ती जास्तीत जास्त तीन महिने, पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक नाही, आणि कैद्याच्या निर्वाहाचा खर्च अजूनही धनकोनेच भरायचा.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. ऐपत नसणे आणि ऐपत असून न देणे यांत तिने रेघ ओढली आहे, आणि ती रेघ बरोबर जागी आहे. अडचण त्या रेघेपर्यंत पोहोचण्याची आहे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त दाखल होते, नोटीस निघते, घर बंद असेल तर दारावर चिकटवली जाते. माणूस ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेला असतो. ऐपतीची चौकशी व्हायची तर त्याने समोर यायला हवे, आणि तो समोर येतो तेव्हा बहुधा वॉरंटासह येतो.

पण दिवाणी कैद आता तशी दुर्मीळ झाली आहे, कारण धनकोला त्याहून सोपी वाट मिळाली. १९८८ च्या दुरुस्तीने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये कलम १३८ आले आणि न वटलेला चेक हा फौजदारी गुन्हा झाला : आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे, नाही तर केस. व्यापारात चेकला पत यावी हा हेतू होता आणि तो रास्त होता. घडले मात्र असे की कर्ज देतानाच कोरे, सही केलेले चेक घेऊन ठेवण्याची पद्धत पडली. पतसंस्थेपासून गाडीच्या फायनान्सपर्यंत सगळीकडे कर्जाच्या फॉर्मबरोबर चेक लागतात. असा कोरा चेक स्वखुशीने दिलेला असेल तर तोही कायद्याच्या गृहीतकात बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात म्हटले. देणे नव्हते हे आता चेक देणाऱ्याने सिद्ध करायचे.

याचा अर्थ काय होतो? दिवाणी दालनात धनकोने ऐपत आणि अप्रामाणिकपणा दाखवायचा, तर फौजदारी दालनात खात्यात पैसे नव्हते एवढे पुरते. दिवाणी संहितेने स्त्रीला दिलेले संरक्षणही इथे नाही. आंतरराष्ट्रीय कराराने जे दार बंद केले, ते चेकच्या आकाराने पुन्हा उघडले. ३१ डिसेंबर २०१९ ला देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख खटले केवळ कलम १३८ चे होते. ही गुन्हेगारीची आकडेवारी नाही, वसुलीची आहे. फौजदारी न्यायालये वसुली कचेऱ्या झाली आहेत.

याला दुसरी बाजू आहे आणि ती खरी आहे. पतसंस्थेत पैसे ठेवणारा निवृत्त शिक्षक, पेन्शन गुंतवलेली विधवा, उधारीवर माल देणारा छोटा घाऊक व्यापारी, हेही धनकोच असतात आणि त्यांच्यामागे कुणी उभे नसते. बडा कर्जदार पतसंस्था बुडवून मोकळा फिरतो तेव्हा ठेवीदाराला वाटते, याला आत टाका. त्यांचा राग मला समजतो. पण त्यांचे उत्तर लपवलेली मालमत्ता शोधण्यात आहे, आणि तिथेच यंत्रणा सर्वात दुबळी आहे. बड्याने जमीन मेव्हण्याच्या नावावर केलेली असते. ती हुडकायला माणसे, वेळ आणि इच्छा लागते. चेक दाखल करायला फक्त एक वकील लागतो. म्हणून पकडला जातो तो, ज्याच्याकडे लपवायलाही काही नव्हते.

दंडाची गोष्ट कर्जाहून वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. कर्जात धनको सावकार किंवा बँक असते, दंडात स्वतः राज्यसंस्था. करारापायी कैद नको म्हणणारा तो आंतरराष्ट्रीय नियम दंडाला लागू होत नाही. मेकॉलेच्या भारतीय दंड संहितेत, ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्यासाठी हिशोब होता : पन्नास रुपयांपर्यंतचा दंड थकला तर दोन महिन्यांपर्यंत कैद, शंभरपर्यंत चार महिने, त्यावर सहा महिने. १८६० चे पन्नास रुपये आणि आपल्या काळातले पन्नास रुपये यांत किती अंतर पडले ते सांगायला नको, तरी हे आकडे २०२४ पर्यंत तसेच राहिले. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने ते पाच हजार आणि दहा हजारांवर नेले, पण त्याच वेळी वरची मर्यादा सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. समाजसेवा ही शिक्षा नव्याने आली, मात्र मोजक्या गुन्ह्यांसाठीच. दंड भरता येत नाही म्हणून कोणत्याही गुन्हेगाराला त्याऐवजी काम करून दंड फेडता येईल, अशी सर्वसाधारण सोय अजूनही नाही. ज्या देशात रोजगार हमीसारखी कल्पना महाराष्ट्राने दिली, तिथे हे सुचू नये याचे मला वाईट वाटते.

या मोजमापाचे सर्वात कठोर रूप अमली पदार्थांच्या कायद्यात दिसते. तिथे मोठ्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. पोते वाहून नेणारा हमाल आणि माल पाठवणारा मालक, दोघांना तोच दंड. मालक तो भरतो. हमाल दहा वर्षे काढून झाल्यावर त्या लाखापायी पुन्हा आत राहतो. २००७ च्या शांतिलाल खटल्यात अशा एकाला दंड न भरल्याबद्दल तीन वर्षांची जादा कैद होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली. तिथे न्यायालयाने स्पष्ट केले की ही कैद गुन्ह्याची शिक्षा नाही, पैसे न भरल्याचा परिणाम आहे, आणि ती ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहिली पाहिजे. गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेला माणूस आणखी सहा महिने कशासाठी आत आहे, या प्रश्नाला मग एकच उत्तर उरते : तो गरीब आहे म्हणून.

मुंबईच्या लोकलमध्ये हेच लहान आकारात रोज चालते. विनातिकीट प्रवाशाने जादा आकार भरला नाही तर रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३८ खाली दंडाधिकारी त्याला कमीत कमी दहा दिवस आणि जास्तीत जास्त एक महिना कैद देऊ शकतात. पाकिटात पाचशेची नोट असलेला पावती घेऊन पुढची गाडी पकडतो. नाका कामगाराचे दहा दिवस जातात, म्हणजे दहा दिवसांचा रोजगार जातो, आणि सुटल्यावर नाक्यावरची जागाही दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असते.

जर्मनीने हा प्रश्न गणिताने सोडवायचा प्रयत्न केला. तिथे १९७५ पासून दंड दिवसांत मोजतात : गुन्हा किती दिवसांचा हे आधी ठरते, मग आरोपीच्या रोजच्या उत्पन्नाने गुणायचे. श्रीमंताला तोच गुन्हा महाग, गरिबाला स्वस्त. कल्पना उत्तम आहे, फिनलंडमध्ये ती १९२१ पासून आहे. तरीही विनातिकीट प्रवासापायी जर्मनीत बेघर आणि व्यसनी माणसे तुरुंगात जातच राहिली, कारण ज्याचे उत्पन्न शून्य आहे त्याच्यासाठी कोणताही गुणाकार उपयोगी नाही, आणि न्यायालयाची पत्रे बेघर माणसापर्यंत पोहोचत नाहीत. २०२१ मध्ये तिथे काही लोकांनी देणग्या गोळा करून अशा कैद्यांचे दंड भरायला सुरुवात केली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून सरकारने नियम बदलला : पूर्वी एका दिवसाच्या दंडाला एक दिवस कैद होती, आता दोन दिवसांच्या दंडाला एक. प्रश्न अर्धा झाला, संपला नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बेअर्डन खटल्यात ठरवले की ऐपतीची चौकशी केल्याशिवाय दंडापायी कैद करता येणार नाही. त्यानंतर तीन दशकांनी, २०१५ च्या मार्चमध्ये, फर्ग्युसन या छोट्या शहराविषयी तिथल्या न्याय विभागाचा अहवाल आला. शहराचा महसूल वाढवण्यासाठी पोलीस आणि न्यायालय दंडाची वसुली करत होते. त्यातल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकिकत अहवालात आहे. २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल तिला १५१ डॉलर आणि वर फी असा दंड झाला. पुढच्या सात वर्षांत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात गेले, ५५० डॉलर भरून झाले, आणि तरी ५४१ डॉलर देणे बाकीच होते. निकाल कितीही चांगला असला तरी चौकशी कुणी करायची, कोणत्या कागदावर आणि केव्हा, हे ठरले नाही तर तो खालच्या न्यायालयापर्यंत उतरत नाही. हा अनुभव आपलाही आहे.

आता पोटगी. इथे माझी भूमिका डळमळते आणि ती तशी डळमळणे मला योग्य वाटते. वर जे जे लिहिले त्यात एका बाजूला बलवान होता, दुसऱ्या बाजूला दुबळा. पोटगीच्या वॉरंटात दोन्ही बाजूंना दुबळी माणसे असू शकतात. दंड संहितेच्या जुन्या साथीदाराच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद आहे. आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे कुलदीप कौर खटल्यात १९८८ सालीच ठरले. बाईचा अनुभव विचारावा तर ती सांगते की तो कमावतो, रिक्षा त्याचीच आहे पण भावाच्या नावावर आहे, कोर्टात फाटका शर्ट घालून येतो, आणि पोलीस वॉरंट घेऊन गेल्याशिवाय एक पैसा सुटत नाही. पुष्कळदा हे अक्षरशः खरे असते. तुरुंगाच्या दारात थकबाकी भरणारे नवरे हे पैसे असून न देणाऱ्यांचे पुरावेच आहेत. ही धमकी काढून घेतली तर त्या बाईच्या हातात काय उरते?

आणि तरीही जो खरोखर बेकार आहे, त्याला महिनाभर आत ठेवले तर तिच्या घरात त्या महिन्याचेही पैसे येत नाहीत. थकबाकी मात्र वाढते. अमेरिकेतल्या टर्नर खटल्यातला बाप असाच पुन्हा पुन्हा आत जात होता. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निदान ऐपतीविषयी थेट प्रश्न विचारणारा फॉर्म भरून घ्यावा आणि न्यायाधीशाने त्यावर स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा. जर्मनीने १९८० पासून मुलांच्या बाबतीत तिसरी वाट धरली : बाप पैसे देत नसेल तर राज्यसंस्था आधी मुलाला देते आणि मग बापाच्या मागे लागते. मूल उपाशी राहत नाही, आणि धनकोच्या जागी एकट्या बाईऐवजी सरकार उभे राहते, ज्याला मालमत्ता शोधायची साधने आहेत. पोटगीची कैद काढायची असेल तर आधी हे करावे लागेल. ते न करता कैद काढा म्हणणे म्हणजे सगळा भार त्या बाईवर टाकणे, आणि तसे म्हणायला मी तयार नाही.

कायद्याबाहेरच्या कोंडण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे वाद नाही. मुकादमाने उचल फिटेपर्यंत ऊसतोड कामगाराला किंवा त्याच्या मुलाला अडकवून ठेवणे, वीटभट्टीवर कातकरी कुटुंबाला जाऊ न देणे, हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि ते कर्जही कायद्याने संपलेले आहे. बिलापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला रुग्णालयात अडवून ठेवता येणार नाही, हे महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेले आहे. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, बाळंतपणाच्या बिलापायी प्रसूतिगृहात कोंडलेल्या दोन स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. इथे जे उणे आहे ते अंमलबजावणीचे.

राज्यसंस्थेलाही या सगळ्याची जाणीव नाही असे नाही. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गरीब कैद्यांविषयी कळवळून बोलल्या. त्यानंतर २०२३ मध्ये केंद्र सरकारने योजना आणली : दंडापायी अडकलेल्या कैद्याला २५ हजार रुपयांपर्यंत आणि जामिनापायी अडकलेल्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत मदत. मी या योजनेचे स्वागत करतो. पण तिचा विचित्रपणाही पाहावा लागतो. सरकारच दंड लावते, सरकारच कैद्याच्या जेवणाखाण्याचा आणि पहाऱ्याचा खर्च करते, आणि शेवटी सरकारच दंड भरून त्याला सोडते. ऐपतीची जी चौकशी जिल्हा समिती कैदेनंतर करते, तीच न्यायाधीशाने कैदेआधी केली असती तर हा फेरा पडलाच नसता.

त्या चौकशीचा नमुना आपल्याकडे तयार आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात, जो नागपूरहून वर गेला होता, सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश दिला आणि त्याचे छापील नमुनेही जोडले : उत्पन्न, घर, वाहन, अवलंबून असलेली माणसे, कर्जे. खोटे लिहिले तर कारवाई. दंड ठोठावण्याआधी, चेकच्या खटल्यात शिक्षा सुनावण्याआधी, दरखास्तीत वॉरंट काढण्याआधी असाच दोन पानांचा फॉर्म मराठीत भरून घेता येईल. लिहिता न येणाऱ्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बसवता येईल. न भरता येणाऱ्या दंडाचे हप्ते किंवा काम, आणि लपवलेले सापडले तरच कैद, असा क्रम त्यावरून ठरवता येईल. याच्या जोडीला छोट्या कर्जदाराला दिवाळखोरीचा वापरता येईल असा कायदा हवा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने बुडालेल्या कंपनीला कर्जातून सुटण्याची वाट दिली, पण सामान्य माणसासाठीचा तिचा तिसरा भाग कंपन्यांचे जामीनदार वगळता अजून लागू केलेला नाही. बुडालेल्या कारखान्याच्या काही कर्जावर बँका पाणी सोडतात आणि तो पुन्हा उभा राहतो. टपरीवाल्याला आजही मुंबईत १९०९ च्या आणि इतरत्र १९२० च्या कायद्याखालीच अर्ज करावा लागतो, आणि असा अर्ज करता येतो हे त्याला कुणी सांगितलेलेही नसते.